शाळेचा नाताळ: तयारीची यादी, चावीसकट

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या नाताळ कार्यक्रमाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. वसईतली चर्चची मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, मुलं दोनशेच्या आसपास. मी तीन पानी यादी केली होती. तारा, गोठा, माईक, केक, फादरांचं भाषण, पाहुण्यांना द्यायची रोपं, सगळं होतं तीत. संडासाची चावी नव्हती.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. शिपाईमामांना त्या रात्री विरारला घरच्या कामासाठी जायचं होतं, आणि ते त्यांनी महिनाभर आधी सांगितलं होतं. जाताना त्यांनी ऑफिसच्या आणि वर्गांच्या चाव्या नीट मोजून माझ्या हातात दिल्या. मागच्या संडास-मुताऱ्यांची चावी वेगळ्या दोरीला होती. ती त्यांच्या खिशातून लोकलने विरारला गेली. मामांची चूक नाही, मी मागितलीच नव्हती.

म्हणून यंदाची यादी चावीपासून सुरू होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाळेतली झाडून सगळी कुलुपं स्वतः फिरून बघा आणि प्रत्येकाची चावी स्वतःच्या हाताने लावून बघा. 'असेल कुठेतरी' हे उत्तर घेऊ नका. संडासाची चावी दोन माणसांकडे, दोन वेगळ्या माणसांकडे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची केली आहेत, आमच्याकडेही आहेत, टाइल्स लावलेली. त्या संध्याकाळी ती कुलुपात होती.

आता तारीख. फादरांना विचारल्याशिवाय छापू नका. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या साधारण चार आठवड्यांत, प्रायश्चित्त संस्काराच्या (फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या) संध्याकाळी आधीच ठरलेल्या असतात, त्या दिवशी ना फादर मिळतील ना पालक. डिसेंबरचा तिसरा आठवडा बरा. आगमनकाळात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, त्यामुळे मंडपवाला मोकळा असतो आणि भावही ऐकून घेतो. नाताळ उलटला की तोच माणूस फोन उचलत नाही. लाऊडस्पीकरचा अर्ज पोलीस ठाण्यात आठ दिवस आधी द्या, परवानगीची झेरॉक्स साऊंडवाल्याकडे ठेवा. रात्री दहाला आवाज बंद, हा नियम २००० सालापासून आहे. मुलांमुळे कोणाचाही कार्यक्रम दहापर्यंत लांबत नाही, भाषणांमुळे लांबतो. भाषणं दोनच. तिसऱ्याला रोप द्या आणि बसवा.

येशूजन्माच्या नाटकातल्या भूमिका हा सगळ्यात नाजूक भाग, तिथे घाई करू नका. मरिया कोण, योसेफ कोण, यावरून शाळेच्या फाटकाबाहेर काय काय बोललं जातं ते शिक्षकांच्या कानावर उशिरा येतं. आमच्या पटावर सगळ्या धर्मांची मुलं आहेत. आजूबाजूच्या आळ्यांमधली सामवेदी (वसईतला एक स्थानिक समाज) कुटुंबांची आहेत, नालासोपाऱ्याहून येणारी आहेत, वीटभट्टीवरच्या आदिवासी घरांतली आहेत. माझा नियम सोपा आहे: ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो त्याला संवाद. गेल्या वर्षीचा योसेफ वारकऱ्यांच्या घरातला होता, गळ्यात तुळशीची माळ. एका पालकांनी सुचवलं, तेवढी माळ काढायला सांगा. मी म्हटलं, झग्याच्या आत राहील की. राहिली. राजांबद्दलही वाद नको. राजे म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक, ते किती होते ते मत्तयच्या शुभवर्तमानात दिलेलं नाही, भेटी तीन आहेत म्हणून आपण माणसं तीन धरतो. चौथीतल्या पाच पोरांचे डोळे मुकुटावर असतील तर पाच राजे करा.

कपडे. इथे परत चावीकडे येते, कारण हे दोन्ही विषय एकच आहेत. देवदूताचा सॅटिनचा झगा मागून सहा सेफ्टी पिनांनी घट्ट केलेला, त्यावर पुठ्ठ्याचे पंख रिबिनीने बांधलेले. हे मूल बाथरूमला कसं जाणार? एका देवदूताला सोडवून परत बांधायला मला सात मिनिटं लागली, आणि देवदूत अठरा होते. तेव्हा यंदा पिना बंद. नाडी किंवा वेलक्रो लावा, पंख दप्तरासारखे खांद्यात अडकवायचे करा, आणि रंगीत तालमीला मुलाला सांगा, 'हे सगळं काढ आणि परत घाल.' ज्याला एकट्याला जमत नाही त्याचा पोशाख बदला. आयांना वाईट वाटेल, वाटू दे. त्यांनी रात्र जागून टिकल्या लावलेल्या असतात हे मला माहीत आहे.

गोठा करायला वेळ लागतो आणि त्यात मजाही आहे. नाचणी पसरट ताटल्यांमध्ये दहा दिवस आधी पेरायची, म्हणजे कार्यक्रमापर्यंत चार बोटं हिरवं उगवतं. हे काम दुसरीच्या वर्गाला द्या, रोज पाणी घालायला भांडतात. थर्माकोल आणू नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि बांबू, पेंढा, जुनी गोणपाटं याहून चांगला गोठा मी पाहिलेला नाही. पेंढा उन्हात वाळवून घ्या, नाहीतर मेंढ्या शिंकतात. पेंढ्याजवळ मेणबत्ती अजिबात नको. आगमनाच्या चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, त्या व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पेटवायला मोठं माणूस. जिवंत देखावा असेल तर मुलांना त्याची गोष्ट जरूर सांगा: संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणी मांडली, तीत खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. बैलाला आणि गाढवाला संडासाची चावी लागत नाही. तुमच्या मेंढ्यांना लागते.

ती गोष्टही सांगते, म्हणजे मी एवढी का ओरडतेय ते कळेल. पहिलीतला एक मेंढपाळ होता. खांद्यावर घोंगडी, हातात आजोबांची काठी, त्याच्यापेक्षा वीतभर उंच. पडद्यामागे तीनदा येऊन मला म्हणाला, 'टीचर, शू.' पहिल्या दोन वेळा मी म्हटलं, थांब. तिसऱ्यांदा मी मागे पळत गेले आणि कुलूप बघितलं. परत येईपर्यंत त्यांचा प्रवेश सुरू झालेला. त्यानं ठरल्याप्रमाणे गव्हाणीपुढे गुडघे टेकले, आणि त्याच्याखालचा पेंढा हळूहळू काळा पडत गेला. काठी त्यानं सोडली नाही. रडलाही नाही, पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघत राहिला. प्रेक्षकांना कदाचित कळलंही नसतं, पण शेजारची मेंढी सरकली आणि वर टांगलेल्या माईकमध्ये स्वच्छ ऐकू आलं, 'टीचर, यानं केली.'

पटांगण हसलं. मीही हसले असते, तो माझ्याकडे बघत नसता तर.

भिंतीपलीकडच्या घरातल्या एक आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, लाल लुगडं, मांडीवर पिशवी. त्या उठल्या, मला एका शब्दाने काही न विचारता मागच्या बाजूला आल्या आणि मुलांना म्हणाल्या, 'चला रे, माझ्याकडं चला.' पुढचा पाऊण तास त्यांच्या अंगणात रांग लागली होती. पंख काढून तुळया रचाव्यात तसे ओट्यावर रचलेले, सून बादल्या भरून देतेय, आजी एकेकाचं नाव विचारून आत सोडताहेत. मेंढपाळाला त्यांनी नातवाची चड्डी घातली आणि हातात सुकेळी दिली. शेवटच्या गाण्याला तो परत उभा होता, तोंडात केळं, काठीसकट. तिसरीतल्या एका मुलीचे अब्बा रिक्षा चालवतात, ते तोवर चावी आणायला विरारला निघालेही होते. नऊला चावी घेऊन आले तेव्हा मंडपवाला कनाती सोडत होता.

तर, चावी. लिहून घ्या. नाटकाआधी वीस मिनिटं सगळ्या पात्रांना वर्गवार नेऊन आणायचं, हवी असो वा नसो. 'मला नाही लागली' म्हणणाऱ्याला आधी न्यायचं. यासाठी दोन शिक्षक वेगळे ठेवा, त्यांना दुसरं कुठलंही काम देऊ नका, निवेदन तर मुळीच नको. तिथला दिवा लागतो का तेही बघा. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, साडेसहाला मागच्या बाजूला मिट्ट काळोख असतो आणि पहिलीतलं पोर काळोखात पाऊल टाकत नाही. पाण्याची टाकी दुपारी भरून घ्या. बादली, मग, साबण. आणि एका पिशवीत चार-पाच जुन्या चड्ड्या, वेगवेगळ्या मापांच्या.

खाऊ. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत प्रत्येक घर काहीतरी आणायला तयार असतं आणि शेवटी चाळीस घरांतून वेफर्सच येतात. तेव्हा आळीवार वाटून द्या: या आळीने फुगे (खायचे, हवेचे नव्हे), त्या आळीने करंज्या, आगाशीकडच्यांनी सुकेळी. केक असेल तर अंड्याचा आणि बिनअंड्याचा वेगवेगळ्या टेबलांवर, मोठ्या अक्षरांत पाटी लावून. ही पाटी लावायची राहिली तर एखादी आई पुढचं वर्षभर तुमच्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबरच असतं. सरबत कमी द्या. का ते आता सांगायला नको.

तांदूळ गोळा करण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. आगमनकाळात रोज एक मूठ तांदूळ मुलांनी आणायचे आणि नाताळाआधी गरजू घरांना द्यायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत, चांगली पद्धत. पण ते व्यासपीठावर बोलावून, हार घालून, फोटो काढून देऊ नका. ज्यांना द्यायचे त्यांची मुलं आपल्याच पटावर आहेत. ती त्याच रांगेत उभी राहून त्यांची मूठही घालून गेलेली असतात. सिस्टर आणि एक शिक्षिका, दोघींनी संध्याकाळी घरोघरी पोचवून यावं, एवढंच. आणि तांदूळ पत्र्याच्या डब्यात साठवा, गोणीत ठेवाल तर पंधरा दिवसांत पोरकिडे होतात.

गाणी: चार पुरेत, त्यातलं एक सगळ्यांना येणारं, म्हणजे पालकही उभे राहून म्हणतील. पेनड्राइव्ह दोन. साऊंडवाल्याकडे 'आहे सगळं माझ्याकडे' असं म्हणायची पद्धत आहे, नसतं. टांगलेले माईक संवाद नसताना बंद ठेवायला सांगा, कारण वर आलंच आहे.

खुर्च्या पुढे आजी-आजोबांना, पाहुण्यांना दुसरी रांग चालते. व्हिडिओ काढणारे पालक बाजूला, मधल्या वाटेत नकोत. थंडी असते, सॅटिनमधल्या पोरांचे स्वेटर वर्गात नावं घालून ठेवा.

त्या दिवशीचं: प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी, एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, चिकटपट्टी, कात्री. उपस्थितीचा तक्ता. चावी, गळ्यात. पर्समध्ये नाही, गळ्यात.

कार्यक्रम संपल्यावर मूल वर्गशिक्षिकेच्या हातूनच, ओळखीच्या माणसाकडेच. सही घ्या. अंधारात सगळे देवदूत सारखे दिसतात. गेल्या वर्षी एक काका दुसऱ्याचाच देवदूत घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले होते.

मग कचरा, पेंढा गोठ्यावाल्याला परत, खुर्च्या मोजून, बिलं, कुलुपं. नाचणीच्या ताटल्या दुसरीला घरी न्यायच्या असतात, टाकू नका.

आजींच्या नातवाची चड्डी धुऊन, इस्त्री करून परत द्यायची होती. अजून माझ्या कपाटात आहे.