इफच्या पोटात इफ: फंक्शन सपाट कसं करायचं

लोकलचा पास तपासणारं फंक्शन घ्या. पास आहे का, मुदत आहे का, बोरिवली–चर्चगेटच्या पासावर प्रवासी विरारला तर निघाला नाही ना, सेकंडचा पास घेऊन फर्स्टच्या डब्यात तर नाही ना. या चार अटी एकात एक घातल्या की मुख्य काम चार पायऱ्या आत जातं आणि एल्स खाली उलट्या क्रमाने लागतात. पहिल्या अटीचं उत्तर पार शेवटी.

सगळ्यात बाहेरची अट उलटी करा, तिच्या एल्समधलं उत्तर तिथेच रिटर्न करा, एल्स पुसा आणि उरलेला कोड एक पायरी बाहेर ओढा. टेस्ट चालवा, मगच पुढची अट घ्या. घात होतो तो ‘आणि’पाशी. ‘मुदत आहे आणि डबा बरोबर आहे’ याचं उलट ‘मुदत संपली किंवा डबा चुकीचा’. दोन्हीकडे नकार लावून मधलं ‘आणि’ तसंच ठेवलंत, तर मुदत संपलेला पास बरोबर डब्यात बिनबोभाट चालून जातो.

दोन्ही वाटा सारख्याच महत्त्वाच्या असतील, म्हणजे पास असेल तर एक हिशोब आणि तिकीट असेल तर दुसरा, तर इफ-एल्स शेजारी शेजारीच राहू द्या. तिथे सपाट करण्याचा हट्ट उगाच.

लूपमध्ये रिटर्नच्या जागी कंटिन्यू, म्हणजे ‘ही फेरी सोड, पुढची घे’, येतो. पण व्हाइल लूपमध्ये मोजणी वाढवणारी ओळ तळाशी असेल, तर कंटिन्यू तिला टाळून वर जातो आणि लूप तिथेच घुटमळत राहतो. अशा वेळी फॉर वापरा. सी आणि जावात लूपमधल्या स्विचचा ब्रेक फक्त स्विचमधून बाहेर काढतो, लूपमधून नाही. जावात लूपला लेबल, म्हणजे नाव, देऊन ब्रेकला ते सांगता येतं. सीमध्ये लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढून रिटर्न करणं बरं. ‘सापडलं’ नावाचा झेंडा (हो-नाही साठवणारा व्हेरिएबल) फडकवत फिरण्यापेक्षा नक्कीच.

‘एका फंक्शनला एकच रिटर्न’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा सीमध्ये खरा आहे: मधूनच बाहेर पडलात तर मेमरी आणि लॉक तसेच राहतात. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी १९६८ मध्ये गोटूवर, म्हणजे लेबल लावलेल्या ओळीवर थेट उडी मारण्यावर, टीका केली, तरी लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) आवराआवरीसाठी गोटूच वापरतं. जे शेवटी घेतलं ते आधी सोडायचं, आणि लेबलचं नाव ‘आउट१’ नव्हे, तर काय सोडतो ते सांगणारं हवं. पायथनमध्ये हे काम विथ करतो, गो भाषेत डिफर. मात्र डिफर फंक्शन संपताना चालतो, लूपची फेरी संपताना नाही. हजार फाइली उघडणाऱ्या लूपमध्ये हजारही उघड्याच राहतात.

आणि महिरपी कंस एका ओळीच्या इफलाही घाला. २०१४ मध्ये ॲपलच्या एसएसएल कोडमध्ये (सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये) कंसाविना इफखाली ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आलेली सापडली. दुसरी ओळ इफच्या बाहेर पडल्याने दर वेळी चालायची, तेव्हा एररची किंमत शून्य, म्हणजे ‘चूक नाही’, असायची, आणि सही न तपासताच ‘ठीक’ असं उत्तर जायचं. तिथे रिटर्न असता तरी हेच झालं असतं. जीसीसी या सीच्या कंपायलरमध्ये आवृत्ती ६ पासून ‘वॉल’ (-Wall) पर्याय लावला की असल्या फसव्या इंडेंटेशनचा, म्हणजे ओळ आत सरकवण्याचा, इशारा मिळतो.