टॉवर लाईनचा किती खर्च आपल्या माथी येतो, ते तपासायचं कसं

परवा पुण्याजवळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी महावितरणच्या बिलाचा फोटो टाकला, 'वहन आकार'ला लाल गोल, आणि खाली 'बघा, लोणीकंदच्या टॉवरचे पैसे'. काका, तो आकार आपल्या गल्लीतल्या डीपी आणि वायरींचा, म्हणजे महावितरणच्या स्वतःच्या नेटवर्कचा. मोठ्या टॉवर लाईनचे, म्हणजे लांबून वीज आणणाऱ्या उच्च दाबाच्या लाईनचे पैसे बिलात वेगळे दिसतच नाहीत, वीज आकार आणि स्थिर आकारात मुरलेले असतात. म्हणूनच ते शोधायचे कुठे हे माहीत पाहिजे.

आधी बघा लाईन कुठल्या रस्त्याने आलीय. वीज कायदा २००३ मध्ये दोन कलमं आहेत, ६२ आणि ६३. कलम ६३ म्हणजे टेंडर: कंपन्या दरवर्षी किती पैसे घेणार तो आकडा सांगतात, कमीवाला जिंकतो आणि वीज नियामक आयोग (विजेचे दर ठरवणारी संस्था) तो दर मान्य करतो. तिथे तार किती रुपये किलोने घेतली हे कोणी विचारत नाही, स्पर्धा हीच मर्यादा. कायदा बदलला वगैरे झालं तरच जास्तीचं मागता येतं.

खरी मजा कलम ६२ मध्ये, कारण तिथे झालेला खर्च अधिक परतावा असा हिशोब आहे. इथे चाळणी दोनदा लागते. कामाआधी महापारेषणसारखी, म्हणजे टॉवर लाईन टाकणारी कंपनी डीपीआर (कामाचा सविस्तर आराखडा आणि खर्चाचा अंदाज) देते, आयोग तत्त्वतः मंजुरी देतो. बरेच जण इथेच थांबतात, पैसे पास झाले म्हणून. तसं नसतं! लाईन चालू झाल्यावर परत तपासणी होते, मंजूर किती, लागले किती, वाढले तर का, आणि पटलं नाही तर आयोग तेवढं कापतो.

कापल्याने काय होतं ते आकड्यात बघू. समजा लाईन १०० कोटींची. ७० कोटी कर्ज, ३० कोटी स्वतःचं भांडवल असं साधारण धरतात. भांडवलावर १५ टक्के परतावा धरला तर ४.५ कोटी, कर्जावर ९ टक्के व्याज ६.३ कोटी, घसारा ५ टक्के म्हणजे ५ कोटी. पहिल्याच वर्षी १५.८ कोटी झाले, देखभाल आणि टॅक्स वेगळा (टक्के मी समजायला घेतलेत, खरे त्या त्या वेळच्या नियमात बघा). आता खर्च २० कोटींनी फुगला आणि तो मान्य झाला तर वर्षाला अजून ३ कोटींच्या वर, आणि हे एका वर्षापुरतं नाही, वर्षानुवर्षं चालतं.

म्हणून आयोगाची दराची ऑर्डर उघडली की थेट वाढीव खर्चाच्या कारणांवर जायचं. शेकडो पानं असतात, इंग्रजीत, घाबरू नका, स्कीमचं, म्हणजे त्या लाईनच्या कामाचं नाव सर्च करा. 'राइट ऑफ वे' (लाईन नेण्यासाठी जमिनीचा हक्क मिळवणं) हे कारण हमखास दिसेल आणि आपल्या भागात ते बऱ्याचदा खरंही असतं, कारण २२० केव्ही लाईनला ३५ मीटर रुंद पट्टा लागतो, ४०० केव्हीला त्याहून जास्त, आणि वाघोलीकडे जमिनीचे भाव काय झालेत ते सांगायला नको. त्यात केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सांगितलीय, २०१५ मध्ये हेच ८५ आणि १५ होतं.

पण तारखा जुळवा. जागा कधी मिळाली, काम कधी संपलं? जागा हातात येऊन दीड वर्ष ठेकेदार ढिम्म बसला असेल तर तेवढ्या काळाचं बांधकामातलं व्याज (काम चालू असताना कर्जावर चढणारं) ग्राहकाने का भरायचं? उशीर कोणामुळे झाला याची तपासणी आयोगही करतो, पण कोणी बोट ठेवलं तर बरं पडतं.

आयोगाकडे हरकत द्यायची तर कंपनीच्या दराच्या अर्जाच्या पेपरातल्या जाहीर नोटीसवर लक्ष ठेवा, त्यात शेवटची तारीख असते. 'दरवाढ रद्द करा' असं लिहून काही होत नाही. पान नंबर, स्कीमचं नाव, मंजूर रक्कम, मागितलेली रक्कम आणि एक प्रश्न, एवढंच लिहा. पुण्यात सुनावणी असली तर बोलायलाही जा. मी पहिल्यांदा सुनावणीला पुण्याच्या काउन्सिल हॉलला गेलो तेव्हा चार पानं वाचायला काढली होती, दुसऱ्या पानावरच थांबवलं. ऑर्डर आली की त्यात हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असं एकाखाली एक असतं, तेच आधी वाचा, बाकीचं नंतर.