डेल्टातल्या मोठ्या स्ट्रायपरसाठी निघण्यापूर्वी

कॅलिफोर्नियात सॅन होजे, फ्रीमाँट, ट्रेसी, माउंटन हाउस या भागांत राहणाऱ्या आणि गरवायला जायची आवड असलेल्या मराठी मंडळींसाठी ही तयारीची यादी. स्ट्राइप्ड बास, म्हणजे इकडे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘स्ट्रायपर’, सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टात कमी-जास्त प्रमाणात वर्षभर सापडतो. अठरा-वीस इंची मासा नवख्यालाही लागतो. वीस पौंडांपुढचा हवा असेल तर तयारी लागते, आणि तिच्यातला बराचसा भाग घरी बसून करायचा आहे.

आधी महिना ठरवा. सप्टेंबरपासून मासे सॅन पाब्लो आणि सुसून उपसागरांतून वर डेल्टात येऊ लागतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते जोरात खातात आणि बरेचसे हिवाळाभर इथेच राहतात. दुसरी वेळ वसंतातली. एप्रिल ते जूनमध्ये पाणी ६० ते ६८ अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की माद्या अंडी घालायला निघतात. सॅक्रामेंटोत शहराच्या वर कलूसापर्यंत, सॅन वाकीनमध्ये अँटिऑक ते व्हेनिस आयलंडच्या पट्ट्यात. सर्वांत मोठे मासे या दिवसांत एकाच वाटेने जातात, म्हणून गर्दीही तेव्हाच असते. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर निवडा. मासा भुकेला असतो, पाणी गार असल्याने सोडला तर सहज जगतो आणि त्याच्या पोटात तयार अंडी नसतात.

महिना ठरला की रोज पाण्याचं तापमान बघायची सवय लावा. कॅलिफोर्निया डेटा एक्स्चेंज सेंटरच्या संकेतस्थळावर डेल्टातल्या केंद्रांचे आकडे मिळतात. पन्नाशीच्या खाली मासा सुस्तावतो. तेव्हा आमिष तळाशी आणि अगदी हळू चालवायची तयारी ठेवा. मोठा पाऊस झाला असेल तर सॅक्रामेंटो चहासारखी गढूळ होते. तसं झालं तर सॅन वाकीनची बाजू धरा, तिथलं पाणी बहुधा लवकर निवळतं.

आता भरती-ओहोटी. यादीतलं एकच काम करायला वेळ असेल तर हेच करा. अँटिऑकला उभं राहिलं तर समुद्र कुठेच दिसत नाही, पण इथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. हाताशी असलेलं वेळापत्रक बहुतेकदा गोल्डन गेटचं असतं. तीच भरती अँटिऑक, रिओ व्हिस्टाला काही तासांनी पोचते, म्हणून आपल्या जागेची दुरुस्त वेळ काढून कागदावर लिहून घ्या. शिवाय पाणी चढायचं थांबलं म्हणजे प्रवाह लगेच उलटला असं होत नाही. मासा मात्र प्रवाहाकडे बघतो, उंचीकडे नाही. पाणी थांबलं की तोही थांबतो. ते पुन्हा हलायला लागल्यावरचा पहिला तास-दीड तास हातचा घालवू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी असते की शिसं तळाशी ठरत नाही आणि उपटलेलं शेवाळ दोरीला गुंडाळतं. नांगर टाकून जिवंत आमिषावर बसणार असाल तर भांगाच्या आसपासचे, मध्यम ओढीचे दिवस निवडा.

जागा शोधायची तीही याच हिशेबाने. पेण-अलिबागकडचे लोक खारबांध ओळखतात. डेल्टातली बेटं तशाच बांधांनी राखलेली आहेत आणि त्यांतली काही जमीन आज समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध फुटून खांड पडली आणि बेट कायमचं पाण्याखाली गेलं, असं इथे अनेकदा झालंय. फ्रँक्स ट्रॅक्ट १९३०च्या दशकात गेलं, मिल्ड्रेड आयलंड १९८३ मध्ये, लिबर्टी आयलंड १९९०च्या दशकाच्या शेवटी. मोठा स्ट्रायपर या खांडींवर उभा असतो. ओहोटीला आतल्या उथळ पाण्यातली बारीक मासळी बाहेर ओढली जाते, तेव्हा तो बाहेरच्या बाजूला, प्रवाहाच्या कडेला दबा धरतो; भरतीला तोच खेळ आत होतो. म्हणून नकाशावर खांडी, बांधांची टोकं, दोन प्रवाह मिळतात त्या रेषा आणि उथळ पाणी एकदम खोल होतं त्या कडा खुणेने टिपून घ्या. आठ ते अठरा फुटांच्या कडा ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढण्यासाठी, चांगल्या. तीन-चार जागा पुरेत, पण प्रत्येकीपुढे ‘ओहोटीची’ किंवा ‘भरतीची’ असं लिहिलेलं हवं.

बोट नसेल तर अँटिऑक-ओकली किनाऱ्यावरचा धक्का आहे, शर्मन आयलंडचा काठ आहे, रिओ व्हिस्टाचा काठ आहे. काठावरूनही मोठे मासे निघतात. खासगी बांधावरच्या पाट्या वाचा आणि गाडी बांधावरच्या रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा.

वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे, असा दोनदा बघा. वसंतात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून ‘डेल्टा ब्रीझ’ सुटतो. खाली जाणाऱ्या ओहोटीवर तो समोरून आपटला की शर्मन आयलंड आणि कॉलिन्सव्हिलच्या रुंद पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि लहान बोटीची दैना होते. हिवाळ्यात उलटा त्रास, टुली फॉगचा. त्या धुक्यात बोटीचं टोकही दिसत नाही आणि सॅक्रामेंटो-स्टॉकटनकडे जाणारी मालवाहू जहाजं त्याच पाण्यातून जातात. जीपीएस, भोंगा, दिवे तपासा, आणि धुकं असेल तर धक्क्यावरच थांबा.

कागदपत्रांचं थोडक्यात: १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, दोन रॉड लावायचे असतील तर त्याची वेगळी परवानगी. बोट चालवणाऱ्याकडे कॅलिफोर्निया बोटर कार्ड हवं. २०२५ पासून ते सर्व वयांना लागू आहे. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि मुलांच्या अंगावर ते चढवलेलंच असू द्या. डेल्टात १८ इंचांहून लहान स्ट्रायपर ठेवता येत नाही, मोठे दिवसाला दोनच. नियम बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात मासेमारी खात्याच्या संकेतस्थळावर एकदा वाचून घ्या. स्टर्जन लागला तर त्याला बोटीत ओढू नका, पाण्यातच दोरी कापून सोडा.

सामानात रॉड सात ते आठ फुटी, मध्यम-जड. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, ५० पौंडी; तिच्या पुढे गळापर्यंत २५-३० पौंडी फ्लुरोकार्बनचा दोन-तीन फुटी तुकडा, म्हणजे लीडर. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोरी सोडतं ते, घरीच वजनकाट्याने तपासा. घट्ट ड्रॅगमुळे मोठा मासा पहिल्याच धावेत तुटतो. तळावरच्या आमिषासाठी सरकतं शिसं लावा आणि दोन ते आठ औंसांपर्यंत वजनं बरोबर ठेवा, कारण ओढ दर तासाला बदलते. गळ सर्कल हुक, ८/० च्या आसपास. तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. झटका मारू नका, मासा वळला की रीळ फिरवत राहा. आमिष म्हणून मडसकर किंवा बुलहेड हे छोटे मासे जिवंत मिळाले तर उत्तम, नसतील तर ताजा शॅड मासा. वसंतात पाइल वर्म आणि ब्लड वर्म चालतात, पण त्यांवर लहानच मासे जास्त येतात. कृत्रिम आमिषांत सात ते नऊ इंची ग्लाइड बेट आणि स्विमबेट (माशासारखी पोहणारी आमिषं), खोल डुबणारे प्लग आणि पहाटेसाठी पाण्यावर चालणारं एखादं आमिष घ्या. प्रत्येकाच्या गळाचे काटे पक्कडीने दाबून टाका.

आता मासा हाती आल्यानंतरची तयारी, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. मोठा स्ट्रायपर जवळजवळ नेहमी मादी असते. पाच पौंडी मादी एका हंगामात सुमारे १,८०,००० अंडी घालते, बारा पौंडी दहा लाखांहून अधिक. ती अंडी प्रवाहात तरंगत साधारण दोन दिवसांत फुटतात. या पाण्यातली सगळी जात मुळात फार थोड्या माशांपासून वाढली. १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या नॅव्हेसिंक नदीतले १३२ छोटे मासे रेल्वेने आणून मार्टिनेझजवळ सोडले, १८८२ मध्ये आणखी सुमारे ३०० सुसून उपसागरात. वीस वर्षांत व्यापारी जाळ्यांत वर्षाला दहा लाख पौंडांहून अधिक मासा येऊ लागला. १९३५ मध्ये ती व्यापारी मासेमारी बंद झाली. आपल्याकडे गाबोळीचा मोह मोठा, हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरी वसंतातली मोठी मादी सोडा. घरी न्यायचा तर वीस-बावीस इंची मासा न्या, कालवणाला तोच चवदार.

खाण्याबद्दल आणखी एक. गोल्ड रशच्या काळात सोनं वेगळं करायला वापरलेला पारा नद्यांतून डेल्टात उतरला आणि आजही माशांत साठतो; मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी राज्याचे सल्ले अधिक कडक आहेत, ते वाचूनच ताटात वाढा.

सोडण्यासाठी रबराच्या जाळीचा मोठा झेला, लांब नाकाची पक्कड, मोजपट्टी आणि कॅमेरा हाताच्या अंतरावर मांडून ठेवा. मासा झेल्यातच, पाण्यात राहू द्या आणि गळ तिथेच काढा. हात ओले करा. जबड्याला धरून उभा लटकवू नका, एक हात पोटाखाली द्या. कल्ल्यांच्या झाकणाच्या कडा धारदार असतात, तिथे बोटं घालू नका. वजनकाटाही नको: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, सगळं इंचांत. ४० इंच लांब आणि २२ इंच घेराचा मासा सुमारे २४ पौंडांचा भरतो. मग तोंड प्रवाहाकडे करून शेपटीजवळ धरा आणि तो स्वतः जोर लावेल तेव्हाच सोडा. उन्हाळ्यात पाणी सत्तरीच्या वर गेलं असेल तर मोठ्या माशाच्या मागे जाऊच नका, दमलेला मासा त्या पाण्यात सावरत नाही.

परतल्यावर एक काम उरतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टात गोल्डन मसल हा परका शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. बोट, ट्रेलर, नांगराची दोरी, लाइव्हवेल (जिवंत मासे ठेवायची टाकी) सगळं धुऊन, निथळून, पूर्ण वाळवून ठेवा. पुढच्या वेळी तीच बोट दुसऱ्या जलाशयावर न्यायची असेल तर तिथे तपासणी आहे का, किती दिवस बोट कोरडी ठेवावी लागते, हे आधी फोन करून विचारा.