रीट घेताय? केळीचा पैसा टाकण्याआधी या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळीचे पैसे हाती आले की सराफ बाजार, नाहीतर हायवेलगतचा एनए प्लॉट. आता रीटचंही नाव निघतं (म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून भाड्यानं दिलेल्या इमारती घेणारा ट्रस्ट; त्याचा हिस्सा म्हणजे युनिट, ते शेअर बाजारात मिळतं), पण माणसं त्याकडे प्लॉटच्याच नजरेनं बघतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खात्यात पडलेली प्रत्येक रक्कम 'भाडं' समजणं. रीटला वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के सहा महिन्यांतून एकदा तरी वाटावी लागते. बहुतेक रीट दर तिमाहीला वाटतात. पण त्या रकमेत व्याज, लाभांश आणि कर्जपरतफेड (रीटनं आपल्याच इमारत-कंपन्यांना दिलेल्या कर्जाचं परत आलेलं मुद्दल) असे वेगवेगळे तुकडे असतात. समजा, ३८० रुपयांनी ५०० युनिट घेतली, म्हणजे १,९०,००० रुपये. वर्षात युनिटमागे २३ रुपये आले: ११ व्याज, ४ लाभांश, ८ कर्जपरतफेड. व्याजाच्या ५,५०० रुपयांवर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि कर तुमच्या स्लॅबनं लागतो. परतफेडीचे ८ रुपये मात्र तुमच्या खरेदी किमतीतून वजा होतात. पाच वर्षं असंच चाललं तर खरेदी किंमत ३४० धरली जाणार. तेव्हा ४०० ला विकलं तर नफा २० नव्हे, ६० रुपये. हा हिशेब विक्रीच्या वर्षी सीएपुढे बसून जुळवायला गेलं की रडकुंडीला येतं. प्रत्येक वाटपाची फोड त्याच दिवशी वहीत उतरवा. 'सहा टक्के सुटतात' एवढ्यावर उडी मारणाऱ्यांना ही वही नको असते, त्यांनी सरळ एफडी करावी.

दुसरी खोड रेकॉर्ड डेट गाठायची, म्हणजे ज्या दिवशी युनिट नावावर असलेल्यालाच वाटप मिळतं ती तारीख. वाटप ६ रुपये जाहीर झालं की घाईनं खरेदी. रेकॉर्ड डेटच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी घेतलं तर वाटप मिळतंही, पण रेकॉर्ड डेटला भाव साधारण तेवढाच उतरून उघडतो. वर व्याजाच्या तुकड्यावर कर. फुकटचं काही हाती लागत नाही.

जूनमध्ये कपाशीचं बियाणं घ्यायचे पैसे इथे अडकवू नका, गरजेच्या वेळी भाव पडलेला असू शकतो. एम्बसी रीट २०१९ ला ३०० रुपयांनी आलं आणि २०२३ मध्ये काही काळ त्याच ३०० च्या खाली होतं.

'रीटसारखंच आहे, भाऊ' म्हणत एखाद्या इमारतीतला हिस्सा विकणाऱ्याला पहिला प्रश्न: सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी आहे का, युनिट डिमॅट खात्यात येणार का? छोट्या इमारतींसाठी सेबीनं २०२४ मध्ये एसएम (स्मॉल अँड मीडियम) रीटचे नियम केले. तिथं किमान गुंतवणूकच १० लाख आहे. नुसती छापील पावती देणारा असेल तर चहा पिऊन उठा. नेहमीच्या रीटचं २०२१ पासून एक युनिटही घेता येतं, मग घाई कशाची?

रीटला मालमत्तेच्या ४९ टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येतं, म्हणून तिमाही अहवालात कर्ज आणि रिकामी जागा हे दोन आकडे आधी बघा. खरेदीची ऑर्डर लिमिटनंच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावालाच टाका.

आणि वाटप ब्रोकरकडे नाही, डिमॅटला जोडलेल्या बँक खात्यात येतं. बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला असेल तर पैसे परत जातात. खरेदीआधी तो कोड तपासा.