काळविटाच्या गंधखुणा मोजताना

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात असलेले रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे आणि माळ उघडा असल्याने एकच नर तासन्‌तास दुर्बिणीतून पाहता येतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांना मी म्हणूनच हे ठिकाण सुचवतो. वनविभागाची लेखी परवानगी मात्र आधी घ्यावी.

हद्द धरून राहणारा नर दोन प्रकारे गंध ठेवतो. ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून तो ढीग वाढवतो, आणि डोळ्यापुढची ग्रंथी गवताच्या काडीला किंवा फांदीच्या टोकाला घासून तिथे स्राव लावतो. भारतात काळविटांचे मीलन वर्षभर चालत असले तरी मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्याला जोर येतो. खुणाही त्याच महिन्यांत वाढतात का, हा प्रश्न घेऊन मी माळावर गेलो.

पहिल्या वर्षी मी चुकलो. प्राण्याकडे पाहत बसण्यापेक्षा ढीग मोजणे सोपे वाटले. ते उन्हाळ्यात मोठे दिसले, पावसाळ्यात विरले, आणि पावसाळ्यात नर खुणा कमी करतात असे मी वहीत लिहूनही टाकले. प्रत्यक्षात कोरड्या हवेत लेंड्या कितीतरी दिवस टिकतात, तर पावसात त्या विरघळतात आणि शेणकिडे उरलेल्या मातीत पुरतात. मी मोजत होतो ते नराचे वर्तन नव्हतेच. ही चूक मला फार लागली, कारण त्या वर्षाचे ऑगस्ट-सप्टेंबर परत मिळणार नव्हते.

तेव्हापासून मी कृती मोजतो. शिंगांच्या पिळावरून ओळखू येणारा एक नर निवडावा, वीस मिनिटे त्याच्यावरून नजर हलवू नये, आणि त्याने कितीदा काडी हुंगली, कितीदा ग्रंथी घासली, कितीदा ढिगावर लेंड्या टाकल्या हे वेळेसह लिहावे; जवळ माद्या होत्या का, हेही लिहावे. हुंगणे आणि घासणे लांबून सारखेच दिसते, आणि त्यांतला फरक ओळखायला मला महिना लागला.

निरीक्षणाचे तास प्रत्येक महिन्यात सारखे ठेवावेत. नर नुसता रवंथ करत बसला, तरी त्या वीस मिनिटांपुढे शून्य लिहावे. सुरुवातीला मी अशी पाने कोरी सोडत असे, आणि नंतर कोणत्या दिवशी खूण झाली नव्हती व कोणत्या दिवशी मी माळावर गेलोच नव्हतो, हे मला सांगता येईना.