गच्चीवर मधमाशी, फुलपाखरू आणि शिंजीर यावेत म्हणून

गच्ची फुलांनी भरलेली आहे, पण मधमाशी फिरकत नाही, काकडीची कोवळी फळं पिवळी पडून गळतात. ही तक्रार बहुतेक वेळा झाडांच्या निवडीतून येते. नर्सरीत आपण टपोरं फूल बघून रोप उचलतो. गुलाब-जास्वंदाच्या डबल जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. चेंडूसारख्या झेंडूत मधल्या परागवाल्या बारीक फुलांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते. माशीच्या दृष्टीने हे बंद पडलेलं हॉटेल. म्हणून रोप घेताना फुलाचा मधला भाग उघडा दिसतो का ते बघा आणि बोट लावा. पिवळी भुकटी बोटाला लागली तर घ्या. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, जास्वंद हे सगळं एकेरी पाकळीचंच आणा.

सुरुवात मात्र तुळशीपासून करा. मंजिऱ्या खुडल्या की तुळस दाट होते हे खरं, पण खुडलेल्या तुळशीवर माशीला काहीच उरत नाही. पूजेची एक कुंडी खुडत राहा आणि दोन-तीन कुंड्या फुलू द्या. सकाळी ऊन पडलं की त्यांवर सातेरी, बारीकशी फुलोरी आणि डंख नसलेली चिमुकली पोयाची माशी, अशा तिन्ही मधमाश्या दिसू शकतात. मंजिरी तपकिरी झाली की फांदीचा वरचा एक तृतीयांश भाग छाटायचा, म्हणजे नवी फूट येऊन पुन्हा फुलोरा धरतो. सब्जाचंही असंच. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे दहा जातींची एकेक कुंडी ठेवण्यापेक्षा एका जातीच्या चार कुंड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या बऱ्या.

दहा बाय दहा फुटांच्या गच्चीला एवढं पुरतं: तुळस-सब्जाच्या चार कुंड्या, झिनियाच्या पाच, पेंटासच्या तीन, सोळा इंची कुंडीत एक हमेलिया, कढीपत्त्याच्या दोन आणि लिंबाची एक. फुलझाडांना दहा-बारा इंची कुंडी चालते. माती दोन भाग, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग. नत्र जास्त झालं की झाड पानांनी माजतं आणि फूल धरत नाही, म्हणून युरियाची चिमूटही नको. ऊन पाच-सहा तास हवं. वरच्या मजल्यांवर खरी अडचण वाऱ्याची असते. भणाणत्या वाऱ्यात फुलपाखरू फुलावर टिकत नाही, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला कठड्याला हिरवी जाळी बांधा.

झिनियाचं बी साधारण एक सेंटीमीटर खोल पेरा, रोपं उगवल्यावर वीतभर अंतर ठेवून विरळणी करा आणि चार-पाच इंच उंचीला शेंडा खुडा. पेरणीपासून पन्नास-साठ दिवसांत फुलं येतात. सगळं बी एकदम पेरलं तर सगळा बहर एकदम संपतो, म्हणून तीन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत जा. पानांवर पाणी पडत राहिलं की बुरशीचे डाग पडतात, पाणी बुडाशीच घाला.

उन्हाळ्यात बाहेरची तणं वाळलेली असतात आणि माशीचे हाल होतात. तेव्हा आपली चूक कामी येते. मार्चमध्ये पेरलेली कोथिंबीर पानं धरायच्या आधीच फुलावर जाते, तिला तशीच जाऊ द्या. धणे चिरडून दोन फाका करून पेरा. त्या पांढऱ्या छत्र्यांवर माश्यांबरोबर सिरफिड माशीही येते. तिच्या अळ्या मावा खातात, म्हणजे फवारणीचं काम फुकटात. बडीशेप आणि मोहरीचाही असाच उपयोग होतो, पण त्या थंडीत पेरायच्या.

फुलपाखराचं गणित वेगळं आहे. मधासाठी ते पेंटास, झिनिया, जमैकन स्पाइक यांवर येतं, पण राहतं तिथेच जिथे अंडी घालायला पान मिळतं, आणि प्रत्येक जातीचं पान ठरलेलं असतं. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन अंडी घालतात. नशीब असेल तर लिंबू-पपनसावर ब्लू मॉर्मन, म्हणजे 2015 साली जाहीर झालेलं महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरूही येतं. रुईवर आणि हळदीकुंकवावर बिबळ्या कडवा, पानफुटीवर रेड पिएरो, चित्रकावर झेब्रा ब्लू, सोनचाफ्यावर टेल्ड जे. टाकळा तण म्हणून उपटतो, त्यावर पिवळी ग्रास यलो वाढते. रुई आणि हळदीकुंकवाचा चीक डोळ्यांना झोंबतो, छाटणी करताना हातमोजे घाला.

इथे पुष्कळ जण अडखळतात. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसतो, तो झटकून टाकतात, आणि मग फुलपाखरं का नाहीत म्हणून विचारतात. ती कोवळी अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यामागून वासाची शिंगं बाहेर काढते. निरुपद्रवी आहे. फूटभर उंचीचं रोप दोन-तीन अळ्यांतच बोडकं होतं, म्हणून दोन कुंड्या लागतात: एक फोडणीची, एक अळ्यांची. फोडणीच्या कुंडीवरची अळी पानासकट उचलून दुसऱ्या कुंडीत ठेवायची. बोडकं झालेलं निरोगी झाड पुन्हा फुटतं. ज्यांना एकही खाल्लेलं पान बघवत नाही त्यांनी फक्त मधमाश्यांचीच झाडं लावावीत, उगाच दोघांनाही त्रास नको.

घाणेरी लावू नका. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं, पण तिची फळं पक्षी खातात आणि बी रानात पसरतं. सह्याद्रीच्या उतारांवर तिने जे केलंय ते पुरेसं आहे.

शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी (सनबर्ड). त्याला नळीसारखी, तांबडी-केशरी फुलं आवडतात. हमेलिया आणि एकेरी जास्वंद त्यासाठी उत्तम. जास्वंदात तो बरेचदा समोरून न शिरता बुडाला भोक पाडून मध चोरतो, तेव्हा भोकं दिसली तर कीड समजून औषध मारू नका. त्याचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं असतं, म्हणून गच्चीच्या एका कोपऱ्यातली जळमटं राहू द्यावीत. रात्रीच्या पतंगांसाठी रातराणी, निशिगंध, मधुमालती. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते ती पतंगांसाठी, आणि दिवस चढतात तशी गुलाबी-लाल होते. गच्चीवरचा दिवा मात्र रात्रभर जळता ठेवू नका, पतंग फुलं सोडून त्याच्याभोवतीच घिरट्या घालतात.

पाण्यासाठी मातीची उथळ परळ घ्या, तीत खडे भरा आणि खड्यांची डोकी कोरडी राहतील एवढंच पाणी घाला. नुसत्या पाण्यात माशी बुडते. पाणी एक दिवसाआड बदला आणि आठवड्यातून एकदा परळ घासून काढा, कारण डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, पाणी ओतून टाकल्याने जात नाहीत. दुसऱ्या परळीत बागेची माती, मूठभर शेणखत आणि चिमूटभर मीठ ओलं करून ठेवा. नर फुलपाखरं तिथे क्षार शोषायला बसतात.

फवारणीत सगळ्यात जास्त बिघडतं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मुळातून परागात आणि मधात उतरतं, त्यामुळे फूल टाळून मारलं तरी उपयोग नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपाला कधी काय मारलंय ते कळत नाही, म्हणून पहिला बहर खुडून टाका. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवस लागोपाठ. त्यानेही हटला नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडा द्रव साबण मिसळून सूर्यास्तानंतर फक्त मावा असलेल्या फांदीवर. निमतेलाने फुलपाखराच्या अळ्याही मरतात, तेव्हा कढीपत्ता-लिंबाकडे जाऊ नका.

बऱ्याचशा माश्या पोळं करत नाहीत, एकेकट्या राहतात. बोरूच्या किंवा बारीक बांबूच्या, सहा ते दहा मिलिमीटर भोकाच्या, वीतभर नळ्या कापा. एका टोकाला पेर राहू द्या, पंधरा-वीस नळ्या घट्ट बांधा आणि पाऊस लागणार नाही अशा जागी पूर्वेकडे तोंड करून आडव्या टांगा. हलणाऱ्या जुडीत माशी शिरत नाही. गुलाबाची पानं गोल कात्रीने कापल्यासारखी दिसू लागली, तर पानकापी माशी घर बांधतेय. एखादी कुंडी मोकळ्या मातीची ठेवा, जमिनीत बिळं करणाऱ्यांसाठी. त्यांत निळ्या पट्ट्यांची माशी असते, जी फूल थरथरवून टोमॅटो-वांग्याचा पराग पाडते. मधमाशीला ते जमत नाही.

हे सगळं जमून यायला एक पावसाळा तरी जातो. तोवर माशीचं काम हाताने करा: भोपळ्याचं नरफूल सकाळी लवकर तोडा, पाकळ्या काढा आणि मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादीफुलाच्या बुडाशी चिमुकलं फळ असतं, त्यावरून ओळखायचं. दुपारपर्यंत थांबलात तर फूल मिटलेलं असेल. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांचं हेच काम तेव्हा करायचं.