चोर्ल्याच्या धुक्यात गाडीच्या स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा कशा वापराव्यात

माझ्या आत्तेभावाने यंदा गोव्यात, साखळीला नवी गाडी घेतली. घरी दाखवायला आणली तेव्हा पेढ्यांचा पुडा हातात ठेवत म्हणाला, "दादा, समोर काही आलं की ही गाडी स्वतःच ब्रेक लावते. आता बेळगावला जाताना चोर्ल्याच्या धुक्याची भीती नाही."

मी त्याला एकच विचारले, "गाडीला समोरचं दिसतं कशानं?" त्याला सांगता आले नाही. गाडी विकणाऱ्यानेही सांगितले नव्हते. धुक्यात तर सगळे या एका प्रश्नावरच अवलंबून असते. त्या संध्याकाळी आम्ही दोघे गाडीत बसून एकेक बटण पाहत गेलो. त्याला जे समजावले, तेच इथे लिहितो आहे.

आपल्याकडे धुके दोन तऱ्हांचे. पावसाळ्यात चोर्ला आणि अनमोड घाटांत ढगच रस्त्यावर उतरतात. केरीला अंजुणे धरणापाशी सगळे स्वच्छ दिसत असते, आणि काही वळणे चढून गेलात की बॉनेटच्या पुढचे दिसेनासे होते. चोर्ला सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हे रोजचेच. दुसरे धुके थंडीतले. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, म्हादई आणि खांडेपार नदीकाठची ओली हवा तिच्यालगत गार होते, आणि पहाटे सत्तरी, डिचोली, फोंड्याच्या सखल भागात कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) नि शेते झाकली जातात. ऊन चढले की ते विरते. हवामान खाते दृश्यता १००० मीटरच्या खाली गेली की धुके म्हणते, २०० मीटरच्या खाली दाट आणि ५० मीटरच्या खाली अतिदाट. पुढचे सगळे मुख्यतः या शेवटच्या दोन प्रकारांसाठी आहे.

पहिले काम: गाडीचे डोळे कोणते ते ओळखा

'ॲडास' (चालकाला मदत करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा) या नावाखाली ज्या सोयी विकल्या जातात, त्यांना दिसण्यासाठी साधारण दोन साधने असतात: कॅमेरा आणि रडार. आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटून असतो तो कॅमेरा. रडार पुढच्या जाळीत, बंपरच्या खालच्या भागात किंवा कंपनीच्या चिन्हाच्या मागे लपवलेले असते. काही गाड्यांत दोन्ही असतात, काहींत फक्त कॅमेरा. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. घाटात जाण्याआधी ते पान शोधून वाचा. बाकी मॅन्युअल नंतर वाचले तरी चालेल.

हा फरक का महत्त्वाचा? कॅमेरा आपल्या डोळ्यासारखाच उजेडावर चालतो. धुक्याचा थेंब एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. आपल्याला तो नगण्य वाटला तरी उजेडाच्या लहरीपुढे मोठाच असतो, म्हणून उजेड त्याच्यावर आपटून चारी दिशांना विखुरतो. जे तुम्हाला दिसत नाही, ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. रडारची लहर मात्र, ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास, सुमारे ४ मिलिमीटर लांबीची असते. तिच्यापुढे हा थेंब इतका लहान की ती धुक्यातून जवळजवळ बिनबोभाट निघून जाते. पुढे चाललेला ट्रक तुमच्या आधी रडारला दिसतो, हे खरे.

पण रडारलाही उणीव आहे. लोखंडी पत्र्यावरून त्याला जोरदार प्रतिध्वनी मिळतो, माणसाच्या किंवा गुराच्या अंगावरून क्षीण. शिवाय रस्त्याकडेचे फलक, कठडे, पूल या सगळ्या स्थिर वस्तूंवरून प्रतिध्वनी येतच असतात. प्रत्येकाला गाडी घाबरली तर दर वळणावर ब्रेक लागेल. म्हणून बऱ्याच गाड्यांत, स्थिर वस्तू किंवा पादचारी असेल तर आधी कॅमेऱ्याची साक्ष घेऊन मगच ब्रेक लावायचे ठरते. धुक्यात कॅमेरा साक्ष देऊ शकत नाही. आता आपल्या रस्त्यांवर धुक्यात काय भेटते ते आठवा: वळणावर दिवे न लावता उभा केलेला टिपर, रस्त्यात बसलेली गुरे, पहाटे सायकलवर पावाची टोपली घेऊन निघालेला पोदेर. यंत्रणेची खरी गरज जिथे पडते, नेमक्या त्याच जागी ती सगळ्यात दुबळी असते. पोदेराचा भोंगा ऐकू यावा म्हणून मी काच दोन बोटे खाली ठेवतो.

हे नुसते तर्काचे नाही. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०२१ साली गाड्यांच्या काचेवर पावसासारखे पाणी फवारून आपोआप ब्रेकची चाचणी घेतली. ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने जाताना तीनपैकी एका फेरीत गाडी समोरच्या थांबलेल्या गाडीवर आदळली. लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा त्याहून जास्त वेळा चुकली.

निघण्यापूर्वी

ओल्या फडक्याने कॅमेऱ्यासमोरची काच आतून-बाहेरून पुसा, मग रडारची जागा पुसा. पावसाळ्यात सत्तरीतून एक फेरी झाली की बंपरवर तांबड्या चिखलाचा थर बसतो आणि 'सेन्सर बंद आहे' असा संदेश येतो. मागच्या बंपरचे कोपरेही पुसा. बाजूने येणारे वाहन दाखवणारी रडारे तिथे असतात. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी तरी काढा. श्रद्धेने घातलेला असतो, पण तो नेमका रडारसमोर लोंबतो. काचेवर वरच्या बाजूला देवाच्या नावाचा स्टिकर लावायचा असेल तर कॅमेऱ्यापासून दूर लावा. आणि पुढची काच कधी बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन नेमका जुळवणे, पुन्हा करून घेतले का, ते गॅरेजमध्ये विचारा. काच बसवणारे ते पुष्कळदा करत नाहीत, आणि अंशभर तिरपा कॅमेरा लांबवरची गाडी भलत्याच लेनमध्ये पाहतो.

काच स्वच्छ ठेवणे

धुके बाहेर असते आणि आपण काचेवर आणखी एक आणून बसवतो. आतून काच धूसर झाली तर एसी चालू करून वारा पुढच्या काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करा. भिजलेल्या छत्र्या नि माणसे आत असली की आतली हवा बाहेरच्याहून दमट होते. एसी तिला सुकवतो.

आपल्या दमट हवेत मात्र उलटेही होते: एसी फार गार असला की काच थंड पडते आणि बाहेरच्या बाजूला दव धरते. वायपर फिरवला की काच स्वच्छ होते आणि लगेच पुन्हा पांढरी होते. ही खूण दिसली की एसीचे तापमान वाढवा. पुष्कळजण अशा वेळी एसी आणखी गार करतात आणि काच जास्तच झाकोळते.

आपोआप चालणाऱ्या वायपरवर धुक्यात विसंबू नका. त्याचा सेन्सर काचेवरचे थेंब ओळखतो, पण धुक्याचे बारीक तुषार त्याच्या नजरेतून सुटतात. वायपर हाताने, थांबून थांबून फिरणाऱ्या गतीवर ठेवा.

दिवे: इथे हात स्वतःचाच हवा

गेल्या जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास उसगावच्या पुढे एक पांढरी गाडी माझ्या पुढे होती. ती मला दिसली तेव्हा अंतर वीसेक मीटर राहिले असेल. मागचा एकही दिवा लागलेला नव्हता. पुढे चहाच्या टपरीवर ती थांबली, मीही थांबलो आणि चालवणाऱ्या गृहस्थांना सांगितले. "अहो, माझे दिवे चालू आहेत," ते म्हणाले. डॅशबोर्ड उजळलेला होता, पुढचे दिवसाचे दिवे झळकत होते. मागे जाऊन पाहिल्यावर ते काही वेळ बोललेच नाहीत. मागच्या सीटवर त्यांची दोन मुले झोपलेली होती.

चूक त्यांची एकट्याची नव्हती. दिव्यांचा खटका 'ऑटो'वर होता. ऑटोचा सेन्सर फक्त उजेड मोजतो, धुके ओळखत नाही. सकाळच्या धुक्यात उजेड भरपूर असतो, त्यामुळे गाडीला दिवस वाटतो. ती पुढचे दिवसाचे दिवे लावते आणि मागचे बंद ठेवते. म्हणून धुके दिसताच खटका ऑटोवरून काढून हेडलाइट स्वतः लावा, म्हणजे मागचे दिवेही लागतील. या लेखातले एकच काही लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

हेडलाइट लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यात येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. 'ऑटो हाय बीम' असेल तर बंद करा. धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे कॅमेऱ्याला उशिरा दिसतात आणि तोवर हाय बीम लागलेला असतो. पुढचे फॉग लॅम्प असतील तर लावा. ते खाली बसवलेले असतात आणि उजेड रस्त्यालगत, रुंद पसरतो. मागचा लाल फॉग लॅम्प आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना नसतो. असेल तर फक्त दाट धुक्यात वापरा.

चारही इंडिकेटर लुकलुकवत घाट चढण्याची आपल्याकडे सवयच झाली आहे. ती सोडावी. मागच्याला तुम्ही थांबला आहात की चालता आहात ते कळत नाही, आणि वळायचे असेल तेव्हा इंडिकेटर दाखवायची सोयच उरत नाही.

काय चालू ठेवावे, काय बंद करावे

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली तर सावरणारी) चालूच ठेवा. या यंत्रणांना बाहेरचे पाहावे लागत नाही. त्या चाकांचा वेग आणि गाडीची घसरण मोजतात, म्हणून धुक्यात त्यांचे काही बिघडत नाही. भारतात एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा आहे. एकदम थांबायची वेळ आली तर ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबून धरा. पायाखाली थरथर जाणवेल, तिला घाबरून पाय उचलू नका.

समोरच्या धडकेची सूचना आणि आपोआप ब्रेक हेही चालू ठेवा. सूचना लवकर की उशिरा द्यावी हे ठरवण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. ती 'लवकर'वर लावा. रडारला ट्रक आधी दिसला तर मिळालेला एक सेकंद मोलाचा आहे. मात्र सूचना आली नाही म्हणजे समोर कोणी नाही, असे धरून चालू नका.

ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे लावलेला वेग आपोआप राखणारी सोय, धुक्यात, आणि घाटात तर कधीच, वापरू नका. आत्तेभाव इथे वाद घालू लागला: "पण तो पुढच्या गाडीपासून अंतर राखतो ना?" राखतो, पुढची गाडी दिसते तोवर. समजा तुम्ही ८० चा वेग लावला आहे आणि पुढच्या ट्रकमागे ३० ने चालला आहात. वळणावर ट्रक रडारच्या कोनाबाहेर गेला की गाडीला रस्ता मोकळा वाटतो, आणि ती ८० कडे धावू लागते. तेही तुम्हाला काहीच दिसत नसताना.

लेन सोडल्याची नुसती सूचना राहू द्या, पण स्टीअरिंग ओढणारी मदत बंद करा. घाटात पट्टे पुसट असतात, आणि ओल्या डांबराचा सांधाही कॅमेऱ्याला पट्ट्यासारखा वाटू शकतो.

ताशी ८० च्या वर गेल्यावर वाजणारी घंटी जुलै २०१९ पासूनच्या सगळ्या गाड्यांत आहे. ती चोर्ल्यासाठी नाही. इथला वेग आपणच ठरवायचा.

वेग कसा ठरवावा

जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. ओल्या रस्त्यावर, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ताशी ६० ने थांबायला सुमारे ५३ मीटर लागतात, ४० ने ३० मीटर आणि ३० ने २० मीटर. उतारावर याहून जास्त. धुक्यात मीटर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजा. एखादे झाड धुक्यातून दिसू लागले की 'एक हजार एक, एक हजार दोन' असे म्हणत जा. त्याच्यापाशी पोचायला चार सेकंदही लागले नाहीत, तर वेग कमी करा. रस्ता अरुंद असेल आणि समोरून येणाराही मधूनच येत असेल तर दोघांनाही थांबायचे असते. अशा वेळी जेवढे दिसते त्याच्या अर्ध्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवा.

पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून तिच्या मागे चिकटून जाणे सोपे वाटते. ती दरीकडे गेली तर तुम्हीही जाल.

थांबावे लागले तर

रस्त्यावर थांबू नका; रुंद जागा मिळेपर्यंत सावकाश पुढे जा. थांबल्यावर आता चारही इंडिकेटर लावा. सगळे उतरून डोंगराच्या बाजूला, गाडीपासून दूर उभे राहा. डिकीतला लाल त्रिकोण मागे ५० मीटरवर, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवा. घाटातले ड्रायव्हर झाडाच्या डहाळ्या तोडून रस्त्यावर टाकतात तेही चांगले, फक्त निघताना त्या उचला. कोणाला लागले असेल तर १०८ किंवा ११२. घाटात काही ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. येणाऱ्या गाडीला हात करून पुढच्या गावात निरोप पाठवा.

आणि केरीला उतरून हवा स्वच्छ झाली की मागचा फॉग लॅम्प आठवणीने बंद करा. तो इतका प्रखर असतो की मागच्याला तुमचा ब्रेकचा दिवा वेगळा कळत नाही. क्रूझ कंट्रोल आणि लेनची मदत त्यानंतर हवी तर चालू करा, पण आधी गाडी बाजूला घेऊन कॅमेऱ्यासमोरची काच आणि बंपर पुन्हा एकदा पुसून घ्या.